काबाड आणि कौशल्य : ग्रामीण साहित्यातील श्रमशिक्षणाचा प्रश्न

१

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत शेतीतील श्रमाचा उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु श्रम हा स्वतंत्र विचारविषय म्हणून तीत क्वचितच येतो. नांगरणी, पेरणी, खुरपणी, मळणी यांची वर्णने समीक्षक 'अनुभवविश्वाची अस्सलता' म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. अधिक खोलात गेलाच, तर तो दोहोंपैकी एक भूमिका घेतो. एका भूमिकेनुसार श्रम हे दुःख आहे. शेतकऱ्याचे शोषण, दारिद्र्य आणि दैन्य यांची ती खूण आहे. दुसऱ्या भूमिकेनुसार श्रम हे सौंदर्य आहे. मातीशी असलेल्या नात्याचा, निसर्गाशी असलेल्या एकरूपतेचा तो आविष्कार आहे. दोन्ही भूमिकांमधून निसटते ती एक साधी गोष्ट. श्रम करणारा माणूस काम करता करता काही शिकत असतो. त्याच्या हाताला, नजरेला आणि निर्णयशक्तीला वळण लागत असते; इतरांबरोबर काम करण्याची, भांडण मिटविण्याची, वाटणी करण्याची रीत तो अंगी बाणवत असतो. शेतीकामातून व्यक्ती घडते काय, समूहात वावरण्याची क्षमता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आपल्या ग्रामीण साहित्याने वारंवार हाताळला आहे. समीक्षेने मात्र तो शिक्षणशास्त्राच्या अंगणात ढकलून दिला आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न साहित्यविचाराच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी हिंगोली जिल्ह्याचा परिसर मध्यवर्ती धरला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. पण त्याचे वाङ्मयीन वय त्याच्या प्रशासकीय वयापेक्षा पुष्कळ मोठे आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी येथे आहे, विसोबा खेचरांच्या आख्यायिकेशी जोडलेले औंढा नागनाथ येथे आहे, आणि वसमत तालुक्यातील रिधोरा या गावी १९६५ मध्ये जन्मलेले इंद्रजित भालेराव हे कवीही याच मुलखाचे आहेत. कुणबीक, हळदीचे पीक, सालगड्यांचे श्रम आणि शिकून गाव सोडणारी मुले असा हा प्रदेश असल्याने प्रस्तुत प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

२

आरंभी शब्दांचा विचार करावयास हवा, कारण या विषयात शब्द बदलत गेले की विचारही नकळत बदललेला आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षणक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा आणि खेड्यातील शाळांना प्रत्यक्ष शिक्षणासाठी लहानसे नमुनेदार शेत जोडावे, असे सुचविले होते. पुढील वर्षी सिद्ध झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही अविद्या आणि शेतकऱ्याची लूट यांचा संबंध त्यांनी सविस्तर उलगडला आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फुल्यांच्या विचारात शेतीचे शिक्षण हे अक्षरज्ञानाला पर्याय नाही. हिशेब, वाचन, लेखन यांच्या जोडीने ते येते. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला कितीही चांगले पेरता आले तरी त्याचे पीक दुसऱ्याच्या घरी जाते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे.

१९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा आणि शिका' या कल्पनेत श्रम हे शिक्षणाचे साधन आहे, तसेच ते विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाचेही साधन आहे. आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्याच घामातून निघतो, ही जाणीव बहुजन समाजातील मुलाला दान घेण्याच्या लाचारीतून सोडविते. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या आणि झाकिर हुसेन समितीने आराखड्यात बसविलेल्या नई तालीमच्या योजनेत हस्तोद्योग हा सर्व विषयांच्या शिक्षणाचा केंद्रबिंदू होतो. येथे श्रम शिक्षणाच्या बाहेरून खर्च भागवीत नाही. गणित, भूगोल, समाजशास्त्र हे विषय त्याच्या पोटातूनच निघावेत अशी अपेक्षा आहे. मराठीत त्याला 'मूलोद्योग' हा अर्थवाही शब्द मिळाला.

यानंतरचा प्रवास उतरणीचा आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शब्द रूढ केला. पुढे 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे लांबलचक नाव आले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'कौशल्य' हा शब्द प्रधान झाला. 'उद्योग' या शब्दात उत्पादन होते, 'कार्यानुभव' या शब्दात निदान अनुभव होता. 'कौशल्य' हा शब्द मात्र व्यक्तीला कामापासून सोडवून घेतो. संवादकौशल्य, संघभावना, निर्णयक्षमता, ताणाचे व्यवस्थापन अशी यादी करता येते आणि ती कोणत्याही कामाला चिकटविता येते. हे कौशल्य कोणत्या जमिनीवर, कोणाच्या मालकीखाली, कोणत्या जातीच्या माणसाने आणि कोणासाठी वापरायचे, हे प्रश्न त्या यादीत उरत नाहीत. साहित्यकृती मात्र ते प्रश्न टाळू शकत नाही. कथनात्म साहित्यात काम नेहमी कुणाचे तरी, कुठले तरी आणि कशासाठी तरी असते. म्हणूनच या विषयात शिक्षणविषयक अहवालांपेक्षा कादंबरी आणि कविता अधिक विश्वसनीय पुरावा ठरतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

३

या पुराव्याचे वाचन कसे करावे, यासाठी पाश्चात्त्य काव्यपरंपरेतील एक जुना भेद उपयोगी पडतो. व्हर्जिलच्या 'एक्लॉग्ज'पासून गोपकाव्याची परंपरा रूढ झाली, त्याच्याच 'जॉर्जिक्स'मधून (इ. स. पूर्व २९ च्या सुमारास) कृषिकाव्याचा आदर्श निर्माण झाला. गोपकाव्यात ग्रामजीवन हे विसाव्याचे, गाण्याचे आणि आठवणीचे स्थान असते. कृषिकाव्यात ते कामाचे स्थान असते; कवी तेथे जमीन, झाडे, जनावरे आणि मधमाश्या यांच्या निगराणीविषयी सांगत असतो. त्याहून प्राचीन अशा हेसिअडच्या 'कार्ये आणि दिवस' या काव्यातही कवी आपल्या भावाला उद्देशून बोलतो आणि वारशाच्या वाटणीवरून झालेल्या तंट्याच्या पार्श्वभूमीवर त्याला कष्टाचा व न्यायाचा उपदेश करतो. कृषिकाव्याचा मूळ भाव असा शिकविण्याचा आहे, आणि त्या शिकवणीच्या मुळाशी जमिनीचा तंटा आहे. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात इंग्रजी ग्रामकाव्याने श्रमिकाला चित्रातून कसे पुसून टाकले, याची चिकित्सा केली. ती चिकित्सा मुख्यतः गोपकाव्याच्या वारशाला लागू पडते.

मराठीत 'निसर्गकविता' या नावाखाली आपण या दोन्ही जातींची सरमिसळ केली आहे. ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) या संग्रहाची चर्चा बहुधा रंग, गंध, स्पर्श यांच्या संवेदनांपुरती झाली. रान कसणारा माणूस म्हणून कवीला जे माहीत आहे, त्याचा त्या संवेदनांशी काय संबंध आहे, हे फारसे तपासले गेले नाही. बहिणाबाई चौधरी यांच्याविषयीही असेच घडले. 'बहिणाबाईची गाणी' १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, तेव्हापासून निरक्षर स्त्रीला हे तत्त्वज्ञान सुचले कसे, या विस्मयाचे सावट त्या कवितेवर राहिले. या विस्मयातच एक पूर्वग्रह दडलेला आहे. शेतात आणि घरात आयुष्यभर केलेले काम हीच एक शाळा असू शकते, हे मान्य केले तर विस्मयाचे कारण उरत नाही. जाते, चूल, मोट, खळे ही त्या कवितेत प्रतिमा होऊन येण्यापूर्वी हाताळलेली साधने आहेत. आणि साधन हाताळताना आलेल्या शहाणपणाला शब्द देणे हे अवघड काम त्या कवितेने केले आहे.

४

शेतीकामातील शहाणपण म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पावसानंतर जमीन पेरणीयोग्य झाली, की तिला 'वाफसा' आला असे आपण म्हणतो. वाफसा म्हणजे केवळ ओल नव्हे. ओल फार असेल तर औताला चिखल चिकटतो, कमी असेल तर बी उगवत नाही. मूठभर माती दाबून पाहणे, ढेकळाचा भुगा होतो की गोळा होतो हे पाहणे, पायाखालच्या जमिनीचा अंदाज घेणे, पुढच्या चार दिवसांतील आभाळाचा होरा बांधणे या सर्वांतून एक निर्णय घ्यावा लागतो. तो चुकला तर बियाणे वाया जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. त्यानंतर तिफण येते. चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाच्या बोटांतून दाणे एका लयीत सुटावे लागतात. बैलांची चाल, औत हाकणाऱ्याचा वेग आणि पेरणाऱ्याची मूठ यांचा मेळ बसला नाही तर कोठे दाट, कोठे विरळ असे पीक उगवते, आणि पेरणाऱ्याची चूक पुढे चार महिने साऱ्या गावाला दिसत राहते.

या एका कृतीत वैयक्तिक आणि सामाजिक अशी दोन्ही कौशल्ये आहेत: निरीक्षण, संयम, जोखमीचा अंदाज, सहकाऱ्याशी लय जुळविणे आणि आपल्या चुकीची जबाबदारी. पण त्याबरोबर एक प्रश्नही आहे. वाफशाचा निर्णय कोण घेतो? सालगड्याला वाफसा मालकापेक्षा अधिक कळत असला, तरी 'आज पेरू' असे म्हणण्याचा अधिकार त्याला असतोच असे नाही. श्रम आणि शिक्षण यांतील सीमारेषा येथे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ज्या श्रमात करणाऱ्याला निर्णयाचा काही अधिकार आणि फळात काही वाटा असतो, तो श्रम माणसाला घडवतो. ज्यात हे दोन्ही नसते, तेथे कौशल्य येऊ शकते. पण त्या कौशल्याने माणूस मोठा होत नाही, तो अधिक उपयोगी मात्र होतो.

५

आनंद यादव यांच्या दोन कृती या प्रतिपादनाची कसोटी पाहतात. 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीतील नारबा हा मळ्यावर राहणारा गडी. जनावरे, झाडे, पाखरे हाच त्याचा गोतावळा. त्याच्याच बोलीत होणारे निवेदन हे त्याच्या ज्ञानाचे भांडार आहे. कोणते जनावर कसे चालते, कोणाची खोड काय, कोणाला काय हवे, हे त्याला कळते, आणि कळण्याची ही रीत वाचकापर्यंत वाक्यांच्या ठेवणीतूनच पोहोचते. मालक ट्रॅक्टर आणण्याचे ठरवितो, जनावरे एकेक करून जातात आणि नारबाला मळा सोडावा लागतो. या कादंबरीचे वाचन बहुतेकदा यंत्रयुगाने गिळलेल्या निसर्गस्नेहाची शोकांतिका असे झाले. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नारबाचे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी ठरते, कारण ते ज्या जनावरांवर आणि ज्या मातीवर उभे होते, त्यांपैकी काहीही त्याचे नव्हते. मालकाचा निर्णय त्याला विचारून होत नाही. या कादंबरीत ट्रॅक्टर हा खलनायक वाटतो; वस्तुतः ट्रॅक्टरने केवळ आधीपासून असलेली भूमिहीनता उघडी पाडली.

'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कृतीत प्रश्नाची दुसरी बाजू येते. दुसऱ्याची जमीन कसणारा बाप मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपू पाहतो आणि मुलगा शाळेसाठी झगडतो. शेती हीच उत्तम शाळा आहे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावे. येथे मळ्यातील काम ही मुलाची शिक्षा आहे. मार, उपास आणि झोपेची चोरी हे त्या शाळेचे नियम आहेत. बापाचे कौशल्य वादातीत आहे, परंतु त्याच कौशल्याच्या बळावर तो घरावर जुलूम करतो. मात्र वाचकाला एक विरोधाभास जाणवल्यावाचून राहत नाही. ज्या कामाने त्या मुलाला गुदमरविले, त्याच कामाच्या तपशिलांनी या गद्याला बळ दिले आहे. पुढील तीन खंडांपैकी एकाला लेखकाने 'नांगरणी' (१९९०) हे नाव द्यावे, हा योगायोग नाही. शेतीचे काम येथे शिक्षण ठरते, पण ते मागाहून. अक्षरांची मालकी मिळाल्यानंतर आणि आपल्या जगण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार हाती आल्यानंतर. फुल्यांनी दोन्ही शिक्षणे जोडीने का मागितली होती, याचे उत्तर या कृतीत सापडते.

सामाजिक कौशल्याच्या संदर्भात व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीचा विचार आवश्यक ठरतो. धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तराची शाळा रिकामी असते, कारण मुले मेंढरांमागे असतात. पुढे वाडीने एकत्र येऊन तालीम उभारण्याचे काम होते. दगड, माती, लाकूड आणि श्रम वाडीचेच. या बांधकामाच्या निमित्ताने वाडी शिकते, आणि तिच्याहून अधिक मास्तर शिकतो. कुणाला कसे विचारावे, कारभाऱ्याचा मान कसा राखावा, रुसलेल्याला कसे परत आणावे, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणात मिळालेले नसते. परंतु कादंबरी तेथे थांबत नाही. दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. समूहाने काम करून मिळविलेले ऐक्य पावसाच्या एका हुलकावणीपुढे टिकत नाही. श्रमाने माणसे जोडली जातात हे खरे. पण जोडलेली राहण्यासाठी पाणी आणि पोटापुरते धान्य लागते, हे माडगूळकरांनी कोणताही गाजावाजा न करता दाखविले आहे. त्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांना शेतीकामातून सुधारू पाहणारी स्वतंत्रपूर ही खुली वसाहत होती. तिच्या प्रेरणेतून साकारलेल्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. एका भावाच्या कथेत माती माणसाचे परिवर्तन करते. दुसऱ्या भावाच्या कादंबरीत मातीच माणसांना पांगविते. श्रमशिक्षणाच्या आदर्शाला या दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहणे हितावह होईल.

६

आता हिंगोलीच्या परिसराकडे वळू. नामदेवांच्या चरित्रातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. संतमेळ्यात गोरोबा कुंभार आपले थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहतात. नामदेव संतापतात, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्वाळा मिळतो. तेव्हा गुरूच्या शोधात नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. या कथेचे आध्यात्मिक अर्थ पुष्कळ झाले आहेत. श्रमाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर दिसते ते असे: माणसाची परीक्षा येथे कारागिराच्या अवजाराने होते. पक्केपणाचा निकष शास्त्रातून आलेला नाही, तो भट्टीतून आला आहे. ज्याचा हात रोज मातीवर फिरतो, त्याच्या ठिकाणी माणूस ओळखण्याची पात्रता मानली जाते. आणि शिंपी असलेल्या नामदेवांना अखेर हा निकष मान्य करावा लागतो. कामातून आलेले ज्ञान माणसांच्या व्यवहाराला लागू करता येते, आणि आपल्या बरोबरीच्यांकडून तपासून घेण्याची तयारी हाच परिपक्वतेचा पुरावा असतो, असा अर्थ या कथेत आहे. वारकरी परंपरेत सावता माळ्यांचा मळा हेच उपासनेचे स्थान झाले, तोही याच विचाराचा भाग होय.

या परंपरेच्या प्रदेशात लिहिणाऱ्या इंद्रजित भालेराव यांच्या कवितेला 'शेतकऱ्याच्या दुःखाची कविता' असे एकच लेबल लावले गेले. 'पीकपाणी' (१९८९), 'आम्ही काबाडाचे धनी' (१९९२) आणि 'दूर राहिला गाव' (१९९४) या तीन संग्रहांची नावे क्रमाने वाचली, तरी एक विचारसूत्र हाती येते. 'पीकपाणी' हा शेतकऱ्याच्या बोलण्यातला रोजचा शब्द. दोन माणसे भेटली की प्रथम विचारला जाणारा प्रश्न. तो शब्द शीर्षकात घेऊन कवीने कवितेला बोलण्याच्या पातळीवर आणले. 'आम्ही काबाडाचे धनी' या नावात धनी हा शब्द उपरोधाने येतो: जमिनीचे नव्हे, पिकाचे नव्हे, काबाडाचे धनी. मालकी आणि श्रम यांच्यातील तुटलेला सांधा एका सामासिक रचनेत येथे पकडला गेला आहे. मात्र या उपरोधात एक अभिमानही आहे, कारण 'आम्ही' हे सर्वनाम तक्रारीसाठी जितके वापरता येते तितकेच हक्क सांगण्यासाठीही. 'दूर राहिला गाव' हे नाव शिकून बाहेर पडलेल्याचे आहे. ज्या कामाने त्याला घडविले, त्या कामापासून त्याला शिक्षणाने दूर नेले.

भालेरावांची कविता ओवी आणि लोकगीताच्या लयीचा आधार घेते आणि वसमत-परभणी भागाची बोली वापरते, याची नोंद समीक्षकांनी घेतली आहे. पण ही लय मूळची कामाची लय आहे, याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. ओवी जात्यावर जन्मली; दळणाचा फेरा आणि ओवीचा चरण यांचे नाते कष्टकरी बायकांनी घडविले. तेव्हा ओवीची लय स्वीकारणे म्हणजे केवळ लोकपरंपरेचे ऋण फेडणे नव्हे. कामाच्या शाळेत तयार झालेल्या एका भाषिक कौशल्याचा तो वारसा आहे. 'कुळंबिणीची कहाणी' या दीर्घ रचनेत कवीने स्त्रीचे कष्ट केंद्रस्थानी आणले, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पेरणीत मूठ, खुरपणीत कंबर, खळ्यावर सूप आणि घरी चूल अशा सलग दिवसाची ती धनीण नसते. सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसते. निर्णयाचा अधिकार हा निकष लावला तर शेतीतील सर्वांत कुशल आणि सर्वांत कमी अधिकार असलेली व्यक्ती तीच ठरते.

कुणब्याच्या पोराला लढायला शिकण्याचे आवाहन करणारी भालेरावांची कविता सर्वतोमुखी झाली. तिचा विचार या लेखाच्या संदर्भात वेगळ्या रीतीने करता येतो. कृषिकाव्याचा मूळ भाव शिकविण्याचा, हे वर आलेच आहे. येथेही कवी शिकवितो. पण पेरायला शिक, नांगरायला शिक असे तो म्हणत नाही. ते तर पोराला येतेच. जे येत नाही ते लढणे. म्हणजे शेतीकामातून येणारी क्षमता पुरेशी नाही. तिच्या जोडीला मोंढ्यात, कचेरीत, बँकेत आणि सभेत उभे राहण्याची क्षमता हवी, असा या आवाहनाचा अर्थ होतो. व्हर्जिलच्या कृषिकाव्यात उपदेशाचा विषय जमीन असतो. भालेरावांच्या कवितेत तो जमीन ज्या व्यवस्थेत अडकली आहे ती व्यवस्था आहे. मराठी कृषिकाव्याने परंपरेत घातलेली ही भर आहे.

७

आतापर्यंतच्या विवेचनाला एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. श्रमातून माणूस घडतो, ही कल्पना ज्यांच्यावर जन्माने श्रम लादले गेले त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने मांडावी? दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाने गावगाड्यातील कामाचे जे चित्र उभे केले, त्यात कामाची वाटणी हीच अपमानाची वाटणी आहे. गावकी, वेठ, ढोरकाम यांतही कौशल्य असते. पण ते कौशल्य अंगी असणे हाच तेथे कलंक ठरतो. देशीवादी समीक्षेने गावगाड्यातील परस्परावलंबनाचा गौरव करताना या बाजूकडे पुरेसे पाहिले नाही. सावड किंवा इर्जिक या सहकारी प्रथांचे उदाहरण आपण सामाजिक कौशल्याची उदाहरणे म्हणून आनंदाने देतो. बैलजोडीला बैलजोडी, दिवसाला दिवस, अशी ती परतफेड असते. परंतु ज्याच्याकडे बैल नाही आणि जमीनही नाही, तो सावडीत कसा येणार? तो रोजंदारीवरच येतो. बरोबरीच्या माणसांत चालणारी ही शाळा भूमिहीनाला दाराबाहेर उभे करते.

दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह या संदर्भात वाचावयास हवा. पडीक जमीन कसण्यासाठी मिळावी ही मागणी पोटाची होती, तशीच ती अधिकाराचीही होती: आमचे कौशल्य आमच्या जमिनीवर वापरू द्या. मराठवाड्यातील गायरान जमिनींसाठीची लढाईही त्याच मागणीचा विस्तार आहे. म्हणजे दलित अनुभव हा श्रमशिक्षणाच्या कल्पनेला नकार देत नाही. त्या कल्पनेची अट तो स्पष्ट करतो. लादलेले काम टाकून देण्याचे आणि निवडलेले काम करण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द ज्याला श्रम करावे लागत नाहीत त्याच्या सोयीचा ठरतो.

८

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीतील एकनाथ हा या साऱ्या चर्चेचा उत्तरकाळ आहे. उच्चशिक्षित, नोकरीसाठी द्यावयाचा पैसा नसल्याने बेकार, आणि म्हणून नाइलाजाने शेतीत उतरलेला. त्याला पुस्तकी शिक्षण मिळाले, पण त्याने त्याला शेतीविषयी काही शिकविले नाही; शेती त्याच्यासमोर आहे, पण तिच्यातले शहाणपण बाजारभावापुढे हरलेले आहे. फुल्यांनी जी दोन शिक्षणे एकत्र मागितली होती, ती येथे एकाच माणसात एकमेकांना परकी होऊन बसली आहेत. हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात असे एकनाथ गावोगावी आहेत. हळदीच्या गड्ड्यातून बेणे निवडणे, नऊ महिने पीक सांभाळणे, काढणीनंतर हळद किती शिजली हे अचूक ओळखणे हे सारे घरात पाहत वाढलेला मुलगा अर्जावर 'कौशल्य' या रकान्यात काय लिहितो? बहुधा संगणकाच्या एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव. हळदीचे नाव तो लिहीत नाही, कारण ते लिहिण्याजोगे असते असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

हे सांगण्याचे काम शाळेचे आहे, तसे ते समीक्षेचेही आहे. अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, तेव्हा मुलांना कामातून उचलून शाळेत न आणता शाळाच कुरणात नेली. समीक्षेलाही अशा एका स्थलांतराची गरज आहे. ग्रामीण साहित्यातील काम हे पार्श्वभूमी म्हणून न वाचता विचाराची रीत म्हणून वाचणे. कोणते पात्र काय करू शकते, ते कोणाकडून शिकले, त्याचा निर्णय कोण घेतो आणि फळ कोणाकडे जाते, हे चार प्रश्न प्रत्येक कृतीला विचारणे. आणि अवजारांचे, क्रियांचे, हंगामांचे शब्द परिशिष्टातील कोशात न टाकता त्यांच्यातील ज्ञानासह आशयद्रव्याचा भाग मानणे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. विद्यापीठीय संशोधनात बोलीभाषेच्या शब्दसूची पुष्कळ तयार झाल्या. त्या शब्दांमागील कृतींचा अभ्यास फारच थोडा झाला. 'वाफसा' हा शब्द सूचीत सापडतो. वाफसा ओळखणाऱ्या माणसाला तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्या कृतीत मिळाला आणि कोणत्या कृतीत नाकारला गेला, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. ती नोंद झाली, तर ग्रामीण साहित्याच्या इतिहासाची मांडणी दुःख आणि सौंदर्य या दोन रकान्यांबाहेर जाऊन करणे शक्य होईल.